सत्त्याहत्तराव्या वर्षी पंतप्रधान: ॲडमिरल सुझुकी कांतारो

तांडेल (धागाकर्ता)

मागे हिरोशिमावरच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, बॉम्ब पडला तेव्हा जपानचा पंतप्रधान कोण? तिघाचौघांनी 'तोजो' म्हणून ठोकून दिलं. तोजो जुलै १९४४ मध्येच पायउतार झाले होते. त्यांच्यानंतर जनरल कोइसो आले आणि ७ एप्रिल १९४५ ला निवृत्त ॲडमिरल सुझुकी कांतारो. शरणागती जाहीर झाली तेव्हा पदावर हेच होते. माझं म्हणणं असं, की ती शरणागती त्या आठवड्यात होऊ शकली यात सम्राटाच्या खालोखाल वाटा या म्हाताऱ्याचा. आणि तो त्यांच्या मुत्सद्देगिरीपेक्षा त्यांच्या आधीच्या आयुष्यातून आला. म्हणून पार मागून सुरुवात करतो. कंटाळा आला तर थेट १९३६ वर उडी मारा.

जन्म १८ जानेवारी १८६८. शोगुनशाही कोसळत होती, त्याच महिन्याच्या अखेरीस तोबा-फुशिमीची लढाई झाली. वडील सेकियादो संस्थानाचे चाकर. संस्थान एदोच्या (म्हणजे आजच्या तोक्योच्या) उत्तरेला, पण त्याचा थोडा मुलूख ओसाकाजवळ होता आणि वडील तिथले कारभारी, म्हणून जन्म तिकडचा. सेकियादो तोकुगावांच्या (शोगुन घराण्याच्या) बाजूचं, म्हणजे हरलेल्या पक्षातलं. हे लक्षात ठेवा, कारण १८८४ साली हा मुलगा नौदल अकादमीत गेला (एताजिमाला नव्हे, तेव्हा ती तोक्योत त्सुकिजीला होती) तेव्हा नौदलात सात्सुमावाल्यांची, म्हणजे जिंकलेल्या बाजूच्या संस्थानातल्या लोकांची, चलती होती. मामा-काका कुणी वर बसलेले नाहीत, आडनावाला वजन नाही. अशा माणसाने टॉर्पेडो बोटी निवडल्या. मोठ्या युद्धनौकांवर मान होता. टॉर्पेडो बोटींवर ओले कपडे, अरुंद जागा आणि शत्रूच्या अगदी तोंडाशी जायचं काम.

१८९५ च्या फेब्रुवारीत, चीनशी झालेल्या युद्धात, वेइहाइवेइ बंदरात घुसून रात्रीचे हल्ले झाले त्यात सुझुकी एका टॉर्पेडो बोटीवर होते. पुढे नौदल महाविद्यालय आणि १९०१ ते १९०३ जर्मनीत मुक्काम. तिथे असताना बढती आली, पण मागच्या वर्गातले लोक त्यांच्या पुढे निघून गेले होते. राजीनाम्याची भाषा सुरू झाली. वडिलांचं पत्र आलं: रशियाशी युद्ध तोंडावर आलंय, अशा वेळी बढतीवरून नौदल सोडतोस? रागाचा विषय तिथेच संपला.

मग एक मजेशीर कामगिरी. अर्जेंटिनासाठी इटलीत जेनोव्हाला दोन चिलखती क्रूझर बांधून तयार होत्या, त्या जपानने विकत घेतल्या: कासुगा आणि निश्शिन. त्या घरी आणायच्या, आणि युद्ध कोणत्याही दिवशी सुरू होणार. सुझुकी कासुगावर दोन नंबरचे अधिकारी होते. जानेवारी १९०४ मध्ये जेनोव्हा सोडलं, १६ फेब्रुवारीला योकोसुकाला पोचले. युद्ध त्याच्या आठवडाभर आधीच पेटलं होतं.

मे १९०५ मध्ये त्सुशिमाची समुद्री लढाई. ॲडमिरल तोगोंनी दिवसा रशियन ताफा फोडला आणि रात्री विनाशिकांना मोकळं सोडलं. चौथ्या विनाशिका-तुकडीचे प्रमुख सुझुकी. 'नवारिन' ही युद्धनौका बुडवण्याचं श्रेय याच तुकडीला दिलं जातं. त्यातले जेमतेम तिघं वाचले, बाकी सहाशेच्या वर माणसं गेली. टॉर्पेडो लांबून सोडायचा नाही, जवळ जायचं आणि मग मारायचा, हा त्यांचा हट्ट होता आणि माणसांकडून सराव तसाच करून घेत. 'ओनी', म्हणजे राक्षस, हे टोपणनाव तिथलं.

पुढच्या वीस वर्षांच्या पायऱ्या पटापट सांगतो. १९१४ ला नौदल खात्याचे उपमंत्री. सीमेन्स लाचखोरीत नौदलाची अब्रू गेली होती, त्यानंतरची साफसफाई यांच्या गळ्यात. १९१८ ला प्रशिक्षण तुकडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला. १९२३ ला ॲडमिरल, १९२४ ला संयुक्त ताफ्याचे सरसेनापती, १९२५ ते १९२९ नौदलाचे चीफ ऑफ स्टाफ. इथे थांबले असते तर नौदलाच्या इतिहासात दोन पानं मिळाली असती आणि आपण आज त्यांच्यावर धागा काढला नसता.

राजवाडा आणि १९३६ पुढच्या प्रतिसादात टाकतो. एकदम टाकलं तर कुणी वाचत नाही.

निळूभाऊ

वा तांडेलशेठ, बऱ्याच दिवसांनी गलबत पाण्यात उतरवलंत. वाचनखूण साठवली. एक शंका. त्सुशिमाच्या वेळी आपल्याकडेही बराच गाजावाजा झाला होता ना? टिळकांनी जपानचं कौतुक केल्याचं वाचलंय.

तांडेल

हो निळूभाऊ, आशियातल्या देशाने युरोपातल्या सत्तेला समुद्रात बुडवलं याची झिंग बंगालपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना चढली होती. त्यात कोरियाचं काय होणार हे तेव्हा फारसं कुणी बघितलं नाही. पाच वर्षांनी, १९१० ला, जपानने कोरिया गिळला. असो, तो वेगळा धागा.

तांडेल

भाग दुसरा. जानेवारी १९२९ मध्ये सुझुकी ग्रँड चेंबरलेन झाले, म्हणजे सम्राटाच्या खासगीचे मुख्य. सम्राट हिरोहितो तेव्हा सत्तावीस वर्षांचे. आधीपासूनचा एक धागा इथे होताच. सुझुकींची पहिली पत्नी १९१२ ला वारली. १९१५ ला त्यांनी आदाची ताका यांच्याशी लग्न केलं. या ताकाबाई त्याआधी दहा वर्षं राजवाड्यात लहान हिरोहितोंना सांभाळायला होत्या. राजघराण्यातली मुलं आईबापांपासून दूर वाढायची, त्यामुळे या बाईंची माया काय असेल ते समजून घ्या. तिचा नवरा आता रोज सम्राटाच्या शेजारी उभा.

या पदावर बसून राजकारण करायचं नसतं. पण १९३० साली लंडनचा नौदल करार आला. जहाजांची संख्या अमेरिका-ब्रिटनच्या प्रमाणात बांधून घ्यायची. नौदलाचे चीफ ऑफ स्टाफ कातो कानजी यांना ते मान्य नव्हतं आणि त्यांना सम्राटासमोर जाऊन विरोध मांडायचा होता. सुझुकींनी त्यांची भेट लांबवली. सरकारचा निर्णय आधी सम्राटापुढे गेला, कातो नंतर. हे कागदावर अगदी किरकोळ वाटतं. जहालांच्या दृष्टीने मात्र हा गुन्हा होता: सेनापती आणि सम्राट यांच्या मध्ये एक दरबारी माणूस आडवा आला. 'सिंहासनाभोवतीची दुष्ट मंडळी' अशी यादी बनायला लागली त्यात सुझुकींचं नाव वरच्या बाजूला गेलं.

२५ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री अमेरिकन राजदूत जोसेफ ग्रू यांच्याकडे जेवण होतं. सुझुकी होते, माजी पंतप्रधान ॲडमिरल सैतो माकोतो होते. जेवणानंतर सिनेमा दाखवला. बाहेर बर्फ. घरी जाऊन झोपले, पहाटे सैन्यातल्या जहाल तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं आणि पाचच्या सुमारास त्यातल्या कॅप्टन आंदो तेरुझोचे सैनिक घरात शिरले.

सुझुकी तलवार शोधायला गेले. ती जागेवर नव्हती, चोरांच्या भीतीने ताकाबाईंनी उचलून ठेवली होती. मग हात मोकळेच ठेवून सैनिकांसमोर आले आणि म्हणाले, काहीतरी कारण असेल, ते सांगा. वेळ नाही, असं उत्तर आलं आणि गोळ्या सुटल्या. डोकं, छाती, खांदा, जांघ. पडले. आंदो आत आला, शेवटचा वार करायला तलवार काढली. ताकाबाई तिथेच होत्या, सैनिकांनी त्यांना धरून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, तेवढं करू नका, करायचंच असेल तर मी करीन. आंदोने तलवार म्यान केली, शिपायांना सलामी द्यायला लावली आणि निघून गेला.

हा आंदो पूर्वी एकदा सुझुकींना घरी येऊन भेटला होता, बराच वेळ बोलला होता, आणि माणूस ऐकला होता तसा नाही असं म्हणत परतला होता. तरी आलाच. जुलैमध्ये त्याला इतर बंडखोरांबरोबर गोळ्या घातल्या. सैतो त्या पहाटेच मारले गेले. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियोसुद्धा.

सुझुकी वाचले. एक गोळी काढता आली नाही, ती शेवटपर्यंत अंगात राहिली.

अश्विनी_क

बापरे. ताकाबाईंवर एक स्वतंत्र धागा व्हायला हवा. 'करायचंच असेल तर मी करीन' हे त्या क्षणी सुचणं म्हणजे काय हिंमत!

बाळ्या_पुणेकर

तांडेल, पंतप्रधान ओकादासुद्धा त्याच दिवशी मरता मरता वाचले ना? मेहुणा गेला त्यांच्याऐवजी?

तांडेल

बरोबर. बंडखोरांनी ओकादांचे मेहुणे मात्सुओ यांना पंतप्रधान समजून मारलं. ओकादा मोलकरणींच्या खोलीतल्या कपाटात लपले आणि दुसऱ्या दिवशी अंत्यदर्शनाला आलेल्या लोकांत मिसळून बाहेर पडले. ती सुटका जमवणाऱ्यांत त्यांचे जावई साकोमिझु हिसात्सुने होते. नाव लक्षात ठेवा, १९४५ मध्ये हेच साकोमिझु सुझुकींच्या मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव आहेत. म्हणजे पंतप्रधान आणि त्यांचा उजवा हात, दोघांनीही सैन्याची पिस्तुलं जवळून पाहिलेली.

आणि म्हणूनच मला 'म्हातारा गोंधळलेला होता' हे नेहमीचं मत पटत नाही. भाग तिसरा.

१ एप्रिल १९४५ ला अमेरिकन ओकिनावावर उतरले. ५ एप्रिलला कोइसोंनी राजीनामा दिला, त्याच दिवशी रशियाने तटस्थतेचा करार पुढे चालवणार नसल्याचं कळवलं. माजी पंतप्रधानांनी सुझुकींचं नाव सुचवलं. ते नाही म्हणाले: शिपाईगड्याने राजकारणात पडू नये, शिवाय वय झालंय, कानाने ऐकू येत नाही. सम्राटाने सांगितलं, दुसरं कुणी नाही, तुम्हीच हो म्हणा. ७ तारखेला शपथ झाली. त्याच दिवशी 'यामातो' बुडाली. संयुक्त ताफ्याच्या माजी सरसेनापतीने पंतप्रधान व्हायचं आणि ताफ्यातली सगळ्यात मोठी नौका त्याच दुपारी तळाला जायची.

मंत्रिमंडळ बनवायला ते स्वतः सेनेच्या दारात गेले. सेनेने अटी ठेवल्या, युद्ध शेवटपर्यंत लढायचं ही पहिली. वधूपक्षाने यादी वाचावी आणि वरपक्षाने न बघता मान डोलवावी तसं त्यांनी सगळ्याला हो म्हटलं. बदल्यात हवा तो माणूस मिळाला: युद्धमंत्री म्हणून अनामी कोरेचिका. अनामी १९२९ पासून काही वर्षं सम्राटाचे एडीसी (लष्करी सहायक) होते, सुझुकी खासगीचे मुख्य असतानाच. रोज एकमेकांना बघितलेली माणसं.

परराष्ट्रमंत्री तोगो शिगेनोरी (त्सुशिमावाले तोगो वेगळे). हे आधी तयारच होईनात, कारण सुझुकी त्यांना म्हणाले युद्ध अजून दोन-तीन वर्षं चालवता येईल. तोगोंना वाटलं, या माणसाबरोबर काम कसं करायचं? बरीच मनधरणी झाल्यावर आले.

१२ एप्रिलला रूझवेल्ट वारले. सुझुकींनी दोमेई वृत्तसंस्थेमार्फत शोकसंदेश दिला: अमेरिकेची आजची वरचढ स्थिती रूझवेल्टांच्या नेतृत्वामुळे आहे, त्यांच्या जाण्याने अमेरिकन लोकांचं जे नुकसान झालं त्याबद्दल सहानुभूती. लढाई ओकिनावात ऐन भरात असताना! तिकडे बर्लिनमध्ये हिटलर आनंदला होता. अमेरिकेत आश्रयाला असलेले थोमास मान यांनी जर्मन श्रोत्यांना रेडिओवरून हा फरक ऐकवला.

जूनमध्ये संसदेत भाषण केलं त्यात १९१८ च्या सॅन फ्रान्सिस्कोचा किस्सा घुसडला. तेव्हा ते तिथे म्हणाले होते, की पॅसिफिक हा शांततेचा समुद्र आहे, त्यावरून सैन्यं नेली तर दोन्ही देशांना दैवी शिक्षा होईल. सभागृहात गदारोळ. जपानला शिक्षा होईल म्हणता?

साकोमिझु यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग. लोकांच्या स्वयंसेवक दलांसाठी सेनेने कोणती हत्यारं तयार केलीत त्याचं पंतप्रधान निवासात छोटं प्रदर्शन मांडलं होतं. सुझुकी बघायला गेले. बांबूचे भाले, धनुष्यबाण, पुढून दारू ठासायच्या बंदुका. 'फार वाईट आहे हे,' असं पुटपुटून पुढे सरकले. टॉर्पेडोवर उभं आयुष्य काढलेला माणूस, त्याला धनुष्याचा पल्ला दाखवत होते.

शाई

तांडेल, लेखन झकास आहे, पण मला एवढं पाणी घालून पिता येत नाही. सूचक भाषणं, सूचक शोकसंदेश, सगळं मान्य. हिशेब बघू. एप्रिल ते ऑगस्ट. ओकिनावात लाखाच्या घरात नागरिक मेले. तोक्यो पुन्हा दोनदा-तीनदा जळलं, २५ मेच्या हल्ल्यात राजवाड्याच्या इमारतीही गेल्या. ८ जूनला सम्राटासमोर 'शेवटपर्यंत लढू' असा ठराव झाला तो यांच्याच सरकारने केला. २६ जुलैला पॉट्सडॅम जाहीरनामा आला, म्हणजे शरण या अशी दोस्त राष्ट्रांची मागणी, २८ ला पत्रकारांसमोर हेच म्हणाले की तो दोस्तांच्या आधीच्या कैरो जाहीरनाम्याचीच उजळणी आहे, त्याला महत्त्व देत नाही, युद्ध पुढे चालू. नऊ दिवसांनी हिरोशिमा. त्या वर्षअखेरपर्यंत तिथे १,४०,००० च्या आसपास, नागासाकीत ७०,००० च्या आसपास. या माणसाला मनातून शांतता हवी होती हे मेलेल्यांना सांगून काय उपयोग?

प्रश्नचिन्ह

+१ शाईताई. पण २८ जुलैचं ते भाषांतराचं प्रकरण आहे ना? त्यांना 'सध्या काही बोलत नाही' असं म्हणायचं होतं आणि अमेरिकेने 'धुडकावलं' असं घेतलं?

शाई

ते मी मुद्दामच आणलं नाही. शब्द कोणताही घ्या, त्याच दमात 'युद्ध पुढे चालू' म्हटलं की दुसऱ्याने काय समजायचं? आणि बॉम्ब टाकायचा आदेश २५ जुलैलाच निघाला होता, जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशी. त्या एका शब्दावर सगळं लटकवणं दोन्ही बाजूंना सोयीचं आहे, म्हणून ती गोष्ट टिकलीये.

तांडेल

शाई, २८ जुलैबद्दल मी त्यांचा वकील होणार नाही. ती पत्रकार परिषद सेनेच्या दबावाखाली झाली, पण घेतली त्यांनीच. त्याहून मोठी चूक मी रशियाची धरतो. सगळा जुलै रशियाच्या मध्यस्थीची वाट बघण्यात घालवला. मॉस्कोतला त्यांचाच राजदूत सातो परत परत कळवत होता की इथे काही होणार नाही, नेमक्या अटी काय त्या सांगा. अटी ठरल्याच नाहीत, कारण अटी ठरवायला बसलं की मंत्रिमंडळ फुटणार.

आणि इथे माझा मुद्दा येतो. जपानी व्यवस्थेत युद्धमंत्री सेनेचा. त्याने राजीनामा दिला आणि सेनेने दुसरा माणूस दिला नाही की सरकार पडलं. जुलै १९४० मध्ये ॲडमिरल योनाईंचं सरकार असंच पाडलं होतं. योनाई हे सुझुकींचे नौदलमंत्री, समोरच बसलेले. म्हणजे मे महिन्यात सुझुकी उघडपणे 'शरण जाऊ' म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी ते पंतप्रधान नसते, कदाचित जिवंतही नसते, आणि त्या खुर्चीत सेनेचा माणूस असता. मग ऑगस्टमध्ये सम्राटाला विचारणारं कोण होतं?

शाई

'कदाचित'वर तुमचा सगळा डोलारा उभा आहे. तरी ऑगस्ट सांगा, ऐकते.

तांडेल

९ ऑगस्ट. पहाटे रशियाने मांचुरियात हल्ला केला होता. सकाळी सर्वोच्च युद्ध परिषदेचे सहा जण बसले. सुझुकी, तोगो, योनाई एकीकडे: सम्राटपद राखलं जाणार असेल तर जाहीरनामा स्वीकारा. अनामी, सेनेचे उमेझु, नौदलाचे तोयोदा दुसरीकडे: शस्त्रं आपण आपली खाली ठेवू, खटले आपण चालवू, देशावर कब्जा नको. तीन विरुद्ध तीन. बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. आकडा तीन-तीनच राहिला. दुपारी मंत्रिमंडळ बसलं, तिथेही एकमत नाही. एकमत नाही म्हणजे निर्णय नाही, आणि अशा वेळी राजीनामा देऊन मोकळं व्हायचं ही रीत.

सुझुकींनी राजीनामा दिला नाही. सम्राटासमोर बैठक घ्यायची ठरवली. अशी बैठक बोलवायच्या विनंतीवर दोन्ही सेनाप्रमुखांचे शिक्के लागतात. साकोमिझुंनी ते आधीच, 'ऐनवेळी धावपळ नको' असं सांगून, घेऊन ठेवले होते. बैठक बोलवताना आपल्याला पुन्हा विचारतील, असा दोघांचा समज. विचारलं नाही.

रात्री बाराच्या सुमाराला राजवाड्याच्या आवारातल्या भुयारी खोलीत बैठक. खोली लहान, हवा कोंडलेली, सगळे पूर्ण पोशाखात घामाघूम. सुझुकींनी प्रिव्ही कौन्सिलचे (सम्राटाच्या सल्लागार परिषदेचे) अध्यक्ष हिरानुमा यांनाही बोलावलं होतं. दोन तास प्रत्येकाने आपापलं तेच ते मांडलं. दोनच्या सुमाराला सुझुकी उठले आणि म्हणाले, एकमत होत नाही, वेळ उरलेला नाही, सम्राटांचाच विचार आम्ही निर्णय म्हणून घेऊ. आणि चालत सम्राटाच्या पुढ्यात गेले. मागून अनामी 'पंतप्रधान!' म्हणून ओरडल्याचं सांगतात. सम्राटाने जागेवर बसायची खूण केली. यांना ऐकू आलं नाही, कानामागे हात धरून उभे राहिले. पुन्हा सांगितल्यावर जाऊन बसले. मग सम्राटाने तोगोंच्या बाजूने कौल दिला.

ही रीतच नव्हती. सम्राटासमोर आधी ठरलेलं वाचून दाखवायचं आणि त्याने गप्प बसायचं. ठरलेलं नसताना त्याला विचारायचं हे त्याआधी कुणी केलं नाही. ज्याने सात-आठ वर्षं त्याच्या दारात उभं राहून कुणाला कधी आत सोडायचं हे ठरवलं होतं, ज्याच्या बायकोने त्याला लहानाचं मोठं केलं होतं, त्याला हे करता आलं. दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. १४ ऑगस्टला पुन्हा एकदा तेच, आणि मग रेडिओसाठी सम्राटाच्या शरणागतीच्या भाषणाचं रेकॉर्डिंग.

अश्विनी_क

आणि अनामी? त्यांनी राजीनामा देऊन सरकार पाडलं असतं तर सगळंच फिसकटलं असतं ना?

तांडेल

हाच तर कळीचा प्रश्न, अश्विनी. हाताखालचे तरुण अधिकारी रोज दारात येऊन बसत होते. अनामींनी बैठकांत शेवटपर्यंत विरोध केला, पण राजीनामा दिला नाही. १४ च्या रात्री शरणागतीच्या राजाज्ञेवर सही केली आणि सुझुकींच्या खोलीत गेले. सिगारचा डबा दिला, दक्षिणेकडच्या आघाडीवरून आलेला. मी ओढत नाही, तुम्ही ओढा. कडक बोललो असेन तर माफ करा. ते गेल्यावर सुझुकी साकोमिझुंना म्हणाले, अनामी निरोप घ्यायला आला होता. पहाटे अनामींनी पोट फाडून घेतलं.

त्याच पहाटे राजवाड्यात काही अधिकाऱ्यांनी बंड करून रेकॉर्ड शोधायला सुरुवात केली होती. दुसरी एक टोळी, कॅप्टन सासाकी ताकेओची, मशीनगन घेऊन पंतप्रधान निवासावर आली, तिथे सुझुकी नव्हते म्हणून त्यांच्या खासगी घरी गेली आणि ते जाळलं. हे काही मिनिटं आधी निसटले होते. नऊ वर्षांत दुसऱ्यांदा. दुपारी रेडिओवर सम्राटाचा आवाज, आणि संध्याकाळपर्यंत मंत्रिमंडळाचा राजीनामा.

शाई

ऑगस्टची ती रात्र मला मान्य आहे, अगदी मनापासून. जुलै मान्य नाही. आणि एक जोडते: सुझुकींवर खटला झाला नाही, हे बरोबर. पण शांततेसाठी सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट बोलणारे तोगो मात्र तोक्योच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात अडकले, कारण १९४१ मध्येही परराष्ट्रमंत्री तेच होते. वीस वर्षांची शिक्षा, १९५० ला कैदेतच गेले. धूसर बोलणारा सुटला.

तांडेल

१९४१ मध्ये सुझुकी प्रिव्ही कौन्सिलचे उपाध्यक्ष होते, युद्धाचा निर्णय त्यांच्या टेबलावर नव्हता. त्यामुळे सुटले यात धूसर बोलण्याचा संबंध नाही. तोगोंवर अन्याय झाला असं मलाही वाटतं, पण तो वेगळ्या कारणाने.

बाळ्या_पुणेकर

नौदलातून पंतप्रधान झालेले एकूण किती हो? आणि सुझुकी नंतर काय करत होते?

तांडेल

बाळ्या, सहा. यामामोतो गोन्नोह्योए (दोनदा, इसोरोकू नव्हेत, ते वेगळे), कातो तोमोसाबुरो, सैतो, ओकादा, योनाई, सुझुकी. यातले सैतो बंडात मेले, ओकादा कपाटात लपून वाचले, सुझुकी गोळ्या खाऊन.

पदावरून उतरल्यावर काही महिने लपतछपत घरं बदलत राहिले, कारण धमक्या चालूच होत्या. डिसेंबर १९४५ मध्ये पुन्हा प्रिव्ही कौन्सिलचे अध्यक्ष. जून १९४६ मध्ये नव्या संविधानाचा मसुदा याच परिषदेने मंजूर केला, युद्ध कायमचं सोडण्याचं कलम ९ असलेला तोच. मग पद सोडून सेकियादोला. १७ एप्रिल १९४८ ला तिथेच वारले, यकृताच्या कर्करोगाने.

ओसाकाकर

सध्या जपानात असल्याने थोडी भर. सेकियादो आता चिबा प्रांतातल्या नोदा शहरात येतं. तोने नदीतून एदो नदी फुटते तिथेच आहे. किल्ल्यासारखी दिसणारी पांढरी इमारत लांबूनच दिसते, पण ते सुझुकींचं संग्रहालय नव्हे, ते प्रांताचं नद्यांवरचं वस्तुसंग्रहालय. सुझुकींचं स्मारक-संग्रहालय वेगळं, त्यांच्या घराच्या जागेजवळ, आणि समाधी जिस्सोजी देवळात. तोक्योहून एदो नदीच्या बांधावरून सायकलचा रस्ता थेट तिथवर जातो, हिवाळ्यात वारा समोरून असतो एवढं ध्यानात ठेवा. रेल्वे गावात नाही, बस धरावी लागते. सुझुकींचं संग्रहालय सुरू आहे की नाही हे निघण्याआधी बघून घ्या.

निळूभाऊ

ओसाकाकर, उपयोगी माहिती. पुतण्या तोक्योत आहे, त्याला पिटाळतो. तांडेल, आता योनाईंवर येऊ द्या. १९४० मध्ये जर्मनीशी युतीला विरोध केला म्हणून पाडलं त्यांना, बरोबर ना?

तांडेल

मुख्य कारण तेच. पण योनाईंच्या आधी कातो तोमोसाबुरो घेईन म्हणतो. १९२१-२२ ला वॉशिंग्टनला जाऊन आपल्याच नौदलाची जहाजं कापायला हो म्हणून आलेला ॲडमिरल. ते समजलं नाही तर लंडनच्या करारावरून लोक सुझुकींच्या जिवावर का उठले ते नीट कळत नाही. शाई, तुझी धार लावून ठेव.